पिराप्पाच्या पिकअपवरची लाईट

भालकीच्या बसस्टँडवरनं कारखान्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला माझं दुकान. बोर्ड वाचायची गरज न्हाई. जे लुकलुकायलंय ते माझं. गाड्यांच्या लाईटी, हॉर्न, सीटकव्हर, गोंडे, स्टिकर, काय म्हणाल ते. बावीस वर्षं झाली, मी, अमरनाथ, ह्या एका फळीमागं उभा हाय, आन् आता गुडघे रोज विचारतात, बाबा, बसतोस का न्हाई. बसायचं कवा? दसरा झाला की ट्रॅक्टरवाल्यांची रांग लागते. उसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला आपला ट्रॅक्टर नवरदेवासारखा पायजे. टपावर फिरती पिवळी लाईट, बोनेटवर रंगीत पट्टी, दोन्ही बाजूला कर्णे. आन् ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर लाव म्हटलं की तोंड वाकडं. नुसता डोक्याला ताप हाय हा धंदा.

पण मला सांगायचंय पिराप्पाचं.

नऊ किलोमीटरवर त्याचं गाव. त्याला सगळे नुसतं वाडीच म्हणतात. आजा मेंढरं राखायचा, बापानं दुसऱ्याच्या शेतात सालं घातली, आन् हा पन्नाशीतला काडीपैलवान स्वतःच्या पिकअपवर भाजीपाला, दुधाचे कॅन, अडलेली बाळंतीण, जे येईल ते वाहतो. सहा-सात वर्षांमागं बिदरला बारा दिवसांचं ट्रेनिंग झालं. आग लागली, पूर आला, तर सरकारी गाडी यायच्या आधी गावातला एक माणूस धावावा म्हणून. आपल्या भागातनं तीस जण गेलते. नारिंगी जॅकेट मिळालं, हेल्मेट मिळालं, सर्टिफिकेट मिळालं, जेवण बी बरं होतं म्हणे. एकोणतीस जण फोटो काढून घरी आले. तिसावा हा पिराप्पा. त्याला खरंच वाटलं की आपल्याला काम दिलंय.

घरी आल्या आल्या त्यानं पिकअपच्या मागं हजार लिटरची काळी टाकी बसवली, औषध फवारायचा इंजिनपंप जोडला, शंभर फूट पाईप गुंडाळून ठेवला. हंगामभर टाकी भरलेली. त्यामुळं मागं जागा अर्धीच, भाडं अर्धंच. त्याची बायको नागूबाई एकदा दुकानात येऊन मलाच भांडली. "अण्णा, तुम्ही तरी सांगा त्याला. ह्या माणसाचं लगीन माझ्यासंगं न्हाई, टाकीसंगं झालंय!" मी काय सांगणार? सांगून ऐकायचा असता तर तो पिराप्पा कशाला झाला असता.

सरकारी बंब हाय आपल्याकडं, त्यांना नावं ठेवायची न्हाईत, पण तालुका केवढा. तारेला तार घासली, ठिणगी पडली, वाळलेल्या पाचटानं पेट घेतला, की बंब पोचेस्तोवर निम्मा उसाचा फड जातो. म्हणून लोक आधी पिराप्पाला फोन करतात. हा ताटावरनं उठतो, लग्नातनं उठतो. एकदा तर न्हाव्याकडनं अर्धी दाढी ठेवून उठला. फडाच्या कडेचा पट्टा भिजवतो, आग पुढं सरकू देत न्हाई, आन् तोंड काळं करून घरी येतो. कुणी चहा पाजतं, कुणी पाजत न्हाई. मी एकदा विचारलं, कामून करतोस रे हे? तर म्हणाला, "आता करायलोयच, तर मधीच कसं सोडू?" एवढंच. मोठं बोलायची त्याला सवय न्हाई.

तर हा पिराप्पा पौषात एका दुपारी दुकानात आला. डोळे लाल, भुवया जळालेल्या. फळीवर दोन्ही कोपरं टेकून उभा राहिला.

"अण्णा, मला गाडीवर लाईट पायजे," तो म्हणाला. "ह्या महिन्यात तीनदा उशिरा पोचलो. पुढं ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, वर गाणी लावलेली. मी हॉर्न वाजवून वाजवून मरायलोय, त्यांना ऐकू बी येत न्हाई आन् मी दिसत बी न्हाई. असली लाईट दे की ती बघून माणूस बाजूला झाला पायजे."

मी म्हटलं, "जळालेला ऊस बी कारखाना नेतोय ना? जीवाला एवढं कामून लावून घेतोस?"

"उसाचं न्हाई रे. मला कोप्यांचं भ्या वाटायलंय."

आमच्याकडं हंगामात ऊसतोड टोळ्या येतात. कुणी औरादकडच्या, कुणी वरच्या मुलखातल्या. उसाचं वाढं, पाचट आन् प्लास्टिकचा कागद, एवढ्यावर झोपडी उभी करतात, तिला कोपी म्हणायचं. वाडीच्या अलीकडं कालव्याच्या कडेला चाळीस कोप्या होत्या, तीन ओळीत, एकीला एक चिकटून. प्रत्येकीपुढं चूल. आईबाप उजाडायच्या आधी फडात जातात आन् बारकी लेकरं कोपीत राहतात, एखाद्या म्हातारीच्या भरवशावर. आन् तिथं जायला रस्ता एकच, कालव्याचा. उसाच्या गाड्या बी त्याच रस्त्यानं, कोप्यांवरनं पुढं कारखान्याला जातात.

"तिथं लागली तर मला दहा मिनिटांत पोचायला पायजे," पिराप्पा म्हणाला. "अकराव्या मिनिटाला जाऊन काय करू? राख चाळू?"

मी एक एक लाईट काढून फळीवर ठेवली.

तुम्हाला वाटंल लाईट घ्यायला कितीसा वेळ लागतो. ह्या माणसानं माझी अख्खी दुपार खाल्ली. प्रत्येक लाईट बॅटरीला जोडायची, पिकअपच्या टपावर धरायची, आन् मी चहाच्या गाड्यापर्यंत चालत जाऊन मागं वळून बघायचं, दिसते का न्हाई. उन्हात! माझ्या गुडघ्यांनी! "तूच जा की," म्हटलं तर म्हणतो, "मला म्हाईत हाय लाईट कुठं हाय ते, म्हणून मला दिसणारच. तू ट्रॅक्टरवाल्यासारखा बघ, चुकून बघितल्यासारखा." आयला, चुकून बघितल्यासारखं मुद्दाम कसं बघायचं?

पिवळी फिरती लावली. दिसली, पण दुकानापुढं तीन ट्रॅक्टर उभे होते आन् तिघांवर तीच. मीच बसवलेली. चौथी पिवळी कुठली आन् कुणाची, काय कळणार? नुसती पांढरी भकभक मारणारी लावली. ती मिरवणुकीतली वाटली. चहावाल्यानं ओरडून विचारलं बी, कुणाचं लगीन हाय म्हणून. लाल एकटी त्यानं हातातच घेतली न्हाई.

मग मी खालच्या खणातनं लाल-निळी पट्टी काढली. आमच्यात तिला पोलीस लाईट म्हणतात. ती लावली आन् मी चहाच्या गाड्याकडं चालायला लागलो, तर तिथं पोचायच्या आधीच समोरनं येणारा मोटारसायकलवाला घाबरून रस्त्याच्या खाली उतरला.

"हीच!" मी तिथनंच ओरडलो.

पिराप्पानं लाईट खाली काढली, हातात धरून उलटीपालटी केली. "ही आपली न्हाई, अण्णा. बंबवाल्या साहेबाला मी विचारलं होतं. ते म्हणाले, लाल-निळी सरकारी गाड्यांची. तू पिवळी लाव, त्याला कुणी काय म्हणणार न्हाई."

"आन् पिवळी कुणाला दिसायलीय?" मी चिडलोच. दुपारभर चालून पाय दुखायलते, दोन गिऱ्हाईकं परत गेलती, आन् हा अजून तत्त्व सांगायलता. "कोप्या पेटल्यावर कोण विचारणार हाय ही कुणाची आन् ती कुणाची? लोक कशाला भितात ते बघ. वाट मिळण्याशी मतलब. घे म्हणतोय ना मी!"

त्यानं लाईट परत टपावर धरून बघितली. मग म्हणाला, "तू म्हणतोस तर घेतो."

हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

घरी जाऊन त्यानं नागूबाईकडनं खताच्या पोत्याची टोपी शिवून घेतली. एरवी लाईटवर टोपी, आगीला जातानाच काढायची. उगं मिरवायचं न्हाई, धाक दाखवायचा न्हाई. दोन वेळा ती लाईट अशी काही कामाला आली की बस्स. ट्रॅक्टर आपोआप कडेला. हरभऱ्याचं एक रान वाचलं, एक कडब्याची गंज वाचली. पिराप्पा हसत दुकानात आला, हरभऱ्याचा ढाळा घेऊन. त्याला असं हसताना मी फार वेळा बघितलं न्हाई. आन् मी? मी येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचो, अरे, डोकं माझं हाय त्यामागं. ढाळ्याचे घाटे सोलून खात सांगायचो.

माघ लागला आन् रस्त्यावर चेकिंग सुरू झालं. ट्रॅक्टरवाल्यांचं म्हाईतच हाय. एकाला दोन ट्रॉल्या, त्यावर मापापेक्षा जास्ती ऊस, निम्म्या डायवरांकडं लायसन न्हाई. चेकिंगची गाडी लांबनं दिसली की ते काय करतात सांगू? ट्रॅक्टर हाय तिथंच गिअरात उभा करायचा, चावी काढून मुठीत घ्यायची आन् उसात पळायचं. डायवरच न्हाई तर कागद कुणाला मागणार? आन् वीस टन ऊस ढकलणार कोण? तासाभरानं चेकिंगवाले कंटाळून जातात, मग हे उसातनं बाहेर. ही युक्ती मला चांगली म्हाईत होती. दुकानात येऊन टाळ्या देऊन सांगायचे आन् मी बी त्यांच्यासंगं हसायचो. बावीस वर्षं गाड्यांच्या धंद्यात असलेला माणूस मी. आन् तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला न्हाई.

त्या दिवशी दुपारी तीनचा सुमार. पिराप्पा लाईटची वायर ढिली झाली म्हणून आलता. मी पिकअपमधी त्याच्या शेजारच्या सीटवर बसून, वाकून, टेस्टर लावून बघायलतो. त्याचा फोन वाजला. नागूबाईचा आवाज मला बी ऐकू आला, एवढी ओरडायलती.

"कोप्या पेटल्या! वारं सुटलंय! पहिली ओळ गेली, ये लौकर!"

मी उतरायच्या आत गाडी निघाली. टेस्टर माझ्या हातात, दुकान उघडं. पिराप्पानं एका हातानं बंबाला फोन लावला, पत्ता सांगितला, फोन माझ्या मांडीवर टाकला. खिडकीतनं हात वर घालून लाईटची टोपी ओढून काढली. मी वायर बोटांनी दाबून धरली होती. लाईट चालू झाली. खरं सांगतो, त्या वेळी मला अभिमान वाटायलता.

मोठ्या रस्त्यावर वाट मिळत गेली. कालव्याच्या रस्त्याला वळलो तवा लांब धूर दिसला. उसावरनं काळा धूर, वाऱ्यानं आडवा झालेला. पुढं भरलेले ट्रॅक्टर, पाच-सहा. पहिल्यानं कडेला घेतलं. दुसऱ्यानं बी घेतलं. "बघ," मी म्हटलं, "बघ कसे..."

आन् पुढं कालव्यावरच्या पुलावर एक ट्रॅक्टर उभा राहिला. ऐन मधी. दोन ट्रॉल्या, पुलाच्या दोन्ही कठड्यांना घासतील एवढा ऊस. डायवरनं मागं वळून आमची लाईट बघितली, खाली उडी मारली आन् उसात पळाला. त्याच्या मागचा, आमच्या पुढचा, तो बी पळाला.

पिराप्पा दार उघडून खाली उतरला. असा ओरडला की गळ्याच्या शिरा फुगल्या. "अरे मी हाय! पिराप्पा! पाण्याची गाडी हाय! चेकिंग न्हाई रे, परत या!"

उसात सळसळ झाली. ती लांब लांब जायला लागली. तो जितका ओरडायलता तितके ते आत पळायलते. पळणारच. त्यांना कोण हाय ते दिसत न्हव्हतं, मागं लाल-निळी तेवढी दिसायलती.

मला तवा कळलं. वायर अजून मी बोटांनी दाबूनच धरली होती. पिराप्पानं माझ्याकडं बघितलं न्हाई. आधी आत हात घालून त्यानं लाईट बंद केली. मग टाकीकडं बघितलं, हजार लिटर पाणी, मग पुलाकडं. कालवा कोरडा होता, पण त्याला सिमेंटच्या उभ्या भिंती, गाडी उतरवणार कुठनं? धूर किलोमीटरभर पुढं. पाईप शंभर फूट.

त्यानं दोन पोती टाकीच्या तोटीखाली भिजवली, दोन दुधाचे कॅन भरले, एक कॅन आन् एक पोतं माझ्याकडं दिलं आन् ट्रॉलीखालनं रांगत पलीकडं गेला. पळाला. मी मागं, माझ्या ह्या पायांनी, अर्धं पाणी अंगावर सांडत. रस्त्यात दोनदा पडलो.

पोचलो तवा दोन ओळी गेल्या होत्या आन् तिसरी पेटत होती. फडातनं आलेल्या बाया छाती बडवायलत्या. लेकरं सगळी एका बाभळीखाली उभी होती, अकरा, काळवंडलेली, पण उभी. त्यांना काशप्पा नावाच्या डायवरच्या आईनं, सिद्धव्वानं, एकेकाला बाहेर काढलं होतं. बारावं तान्हं होतं, तिसऱ्या ओळीत झोळीत. ते आणायला ती परत आत गेलती. तान्हं तिनं कोपीच्या दारातनं बाहेर टाकलं, एका बाईनं झेललं. मग वरचं पाचट खाली आलं.

पिराप्पा ओलं पोतं अंगावर घेऊन आत शिरला. दोन कॅन पाणी काय हो, चूळ भरायला बी पुरत न्हाई तिथं. त्यानं तिला ओढून बाहेर आणलं. ती जिती होती. पाणी मागायलती, आन् कॅन मोकळे होते. पाण्यानं भरलेली टाकी पुलाच्या पलीकडं उभी होती.

मग आमच्या मागनं पळत पळत एक माणूस आला. तिशीतला, अंगाला उसाची पानं लागलेली. बायांनी त्याला वाट करून दिली. तो आईपाशी गुडघ्यावर बसला, तिच्या तोंडाकडं बघत राहिला. उजवी मूठ मिटलेली. बऱ्याच वेळानं कुणीतरी ती उघडली तवा आत ट्रॅक्टरची चावी होती.

पुलावरचा ट्रॅक्टर त्याचा होता. चिंताकीकडचा काशप्पा.

सिद्धव्वा चौथ्या दिवशी बिदरच्या दवाखान्यात वारली. आणखी दहा मिनिटं आधी पाणी मिळालं असतं तर वाचली असती का? मला म्हाईत न्हाई. डॉक्टरला विचारायची माझी हिंमत झाली न्हाई. पण तिसरी ओळ पेटली नसती, एवढं मला बी कळतंय आन् पिराप्पाला बी.

तो मला एक शब्द बोलला न्हाई. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर पायरीवर लाल-निळी पट्टी ठेवलेली, वायर नीट गुंडाळून, वर पोत्याची टोपी. मी तिथंच पायरीवर बसलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा सकाळच्या वेळी बसलो.

महिनाभर तो आगीला गेला न्हाई. टाकी रिकामी करून टाकली, जॅकेट खुंटीला. फोन वाजला तर बघत बसायचा. भाजीपाला वाहायचा, आता पूर्ण गाडीभर. नागूबाईला पायजे होतं तेच झालं होतं की! पण एके दिवशी ती घागर घेऊन उठली, हापशावरनं पाणी आणून टाकीत ओतायला लागली. एक एक घागर. हजार लिटरची टाकी. पिराप्पा म्हणाला, काय करायलीस? ती म्हणाली, "तुझ्या तोंडाकडं बघवंना मला. तू रिकामा बसलास की घरात मढं ठेवल्यासारखं वाटायलंय." चाळिसाव्या घागरीला तो उठला आन् तिच्या हातातनं घागर घेतली. हे मला तिनंच सांगितलं, आन् सांगता सांगता रडली.

दोन दिवसांनी तो दुकानात आला. तसाच कोपरं टेकून उभा राहिला.

"पिवळी दे," म्हणाला.

"पिवळी दिसत न्हाई म्हणून तर..." मी बोललो आन् जीभ चावली.

"दिसंल. एकच असली तर दिसंल." त्यानं बाहेर उभ्या ट्रॅक्टरांकडं बोट केलं. "ह्यांच्यावरची काढायला लावू. मग ह्या रस्त्यावर फिरती पिवळी म्हंजे पिराप्पाची पाण्याची गाडी, दुसरी कुणाचीच न्हाई. एकेकाला सांगायचं."

"दोन-तीनशे ट्रॅक्टर हायत, पिराप्पा!"

"म्हाईत हाय," तो म्हणाला. आवाजात जोर न्हव्हता. एवढा थकलेला आवाज मी कुणाचा ऐकला न्हाई.

कारखान्याच्या पटांगणात वजनकाट्यापुढं ट्रॅक्टर रांगेत उभे असतात, एकेक दिवस, दीड दीड दिवस. पिराप्पा रोज दुपारी तिथं जायला लागला. नारिंगी जॅकेट घालून, हातात पिवळी लाईट. प्रत्येक डायवरपुढं तेच, "दादा, ही बघा, ही पाण्याच्या गाडीची. ही दिसली की पळू नका, कडेला घ्या. आन् तुमच्यावरची तेवढी काढून ठेवा." कुणी ऐकायचं, कुणी गाण्याचा आवाज वाढवायचं. एकानं तोंडावर सांगितलं, "मामा, आमच्या ट्रॅक्टरची शोभा काढून तुमच्या टपाला लावता व्हय?" सगळे हसले. हा पुढच्याकडं गेला.

मी दुकानात बसून काय करणार? गावात माझ्यासारखी आणखी दोन दुकानं हायत, पण मी माझ्यापुरतं ठरवलं. पिवळी फिरती लाईट ट्रॅक्टरला विकणं बंद. आन् ती पोलीस लाईट, जेवढी होती तेवढी, हातोडीनं फोडली. माझी बायको नागरत्ना म्हणाली, डोकं फिरलंय का तुमचं? मी म्हटलं, फिरायला पायजे होतं तवा फिरलं न्हाई. मग दोन रविवार मी बी स्क्रूड्रायवर घेऊन पटांगणात गेलो. पिराप्पानं हात जोडायचे आन् कुणी व्हय म्हटलं की मी लाईट काढायची. दोन रविवारांत सतरा निघाल्या. सतरा! रांगेत माझ्याकडं बघून डायवर म्हणायचे, अण्णा, दसऱ्याला तुम्हीच बसवली, आता तुम्हीच काढायलात? मी पुढचा स्क्रू ढिला करायचो.

पुढच्या सोमवारी दुपारी दुकानापुढं एक ट्रॅक्टर थांबला, मोकळ्या ट्रॉल्या. डायवर खाली उतरला. डोक्यावरचे केस काढलेले, आता कुठं पेरभर वाढलेले. काशप्पा. आईचं सगळं करून परत आलता, टोळीला दिलेला शब्द पुरा करायला.

"अण्णा, वरची पिवळी काढायची हाय," तो म्हणाला. "पिराप्पामामा भेटले पटांगणात. माझ्यापाशी काय मागेनात. दुसऱ्यांना सांगितलं आन् माझ्यापुढनं खाली मान घालून गेले. म्हणून मीच आलो."

मी स्टूल बाहेर आणलं. स्क्रूड्रायवर हातात घेतला आन् तिथंच उभा राहिलो. दीड महिना गिळून ठेवलेलं वर आलं.

"काशप्पा, ऐक. ती निळी लाईट पिराप्पाची न्हव्हती रे. तो नको म्हणायलता. मीच त्याच्या गळ्यात मारली. लोक हिला भितात, वाट देतात, असं मीच बोललो. तुला काय बोलायचं ते मला बोल."

तो एक पाऊल पुढं आला. मला वाटलं आता अंगावर येईल. यावं असं बी वाटलं.

"धूर मला दिसला होता, अण्णा," तो म्हणाला. "पुलावर असतानाच. आमच्या कोप्यांकडचा हाय हे बी कळलं होतं. तरी मागं लाईट दिसली आन् मी चावी काढली."

मी स्टूलावर चढलो. गुडघे लटपटायलते, तर त्यानं खालनं स्टूल धरलं, दोन्ही हातांनी, घट्ट. चार स्क्रू होते. गंजलेले न्हव्हते, मीच बसवलेले होते, तरी काढायला लई वेळ लागला.